रूम भाड्याने देताय? आधी घराच्या सवयी लिहा, मग भाडेकरू शोधा

घरातली एक रूम भाड्याने द्यायची ठरली की बहुतेक जण पहिल्यांदा काय करतात, तर फोन काढून रूमचे चार फोटो काढतात आणि ॲड टाकून मोकळे होतात. मग धडाधड मेसेज यायला लागतात, कोणाला काय उत्तर द्यायचं ते सुचत नाही, आणि शेवटी जो सगळ्यात आधी पैसे द्यायला तयार होतो त्याच्या हातात चावी जाते. माझं म्हणणं असं की ॲड टाकायच्या आधीचे दोन-तीन दिवस सगळ्यात महत्त्वाचे असतात, कारण अख्खा फ्लॅट भाड्याने देणं वेगळं आणि आपण स्वतः राहतो त्याच घरातली एक रूम देणं वेगळं. फ्लॅट दिला तर भाडं वेळेवर आलं, जागा नीट ठेवली, झालं. इथे तो माणूस सकाळी तुमच्याच बाथरूमच्या दाराबाहेर टॉवेल घेऊन उभा असणार, फ्रीजमध्ये त्याचं सामान असणार, तुम्हाला बरं नसेल त्या दिवशीही तो घरातच असणार. म्हणजे नुसता चांगला भाडेकरू पुरत नाही, तुमच्या घराला चालेल असा भाडेकरू लागतो, आणि तो ओळखायचा तर आधी आपलं घर कसं चालतं हे आपल्याला नीट माहीत पाहिजे.

म्हणून घरातले सगळे एकत्र बसा आणि लिहून काढा. कोण किती वाजता उठतं, सकाळी बाथरूम कोणाला कधी लागतं, कोण घरून काम करतं आणि दिवसभर कॉलवर असतं, रात्री टीव्ही किती वाजेपर्यंत चालतो, कपडे कोणत्या दिवशी धुतले जातात, ओटा लगेच पुसला जातो की सकाळी, पाहुणे मुक्कामाला आलेले चालतात का आणि किती रात्री, सिगारेट, दारू, पाळीव प्राणी, मोठ्याने गाणी, सगळं. एरवी आपण हे कधी बोलतच नाही कारण घरात सगळ्यांना ते माहीतच असतं, पण बाहेरच्या माणसाला काहीच माहीत नसतं आणि पुढची निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. मग प्रत्येक गोष्टीपुढे लिहा की हे अजिबात चालणार नाही, की बोलून ठरवता येईल, की काही फरक पडत नाही. पहिल्या खणात तीन-चारच गोष्टी राहू द्या. सगळंच "अजिबात चालणार नाही" मध्ये गेलं तर तुम्हाला भाडेकरू नकोय, फक्त भाडं हवंय, आणि असं असेल तर रूम न देणं जास्त बरं, हे मी अगदी मनापासून सांगते.

याच वेळी कागदोपत्री बाजूही बघून घ्या. तुम्ही स्वतःच भाड्याने राहत असाल तर मूळ मालकाची लेखी परवानगी लागेल, तोंडी "हो घाल की कोणाला तरी" यावर जाऊ नका. घरावर कर्ज असेल, इन्शुरन्स असेल तर त्यांच्या अटींत भाडेकरू ठेवण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. काही ठिकाणी भाडेकरूची नोंद पोलिसांकडे किंवा स्थानिक ऑफिसात करावी लागते, अॅग्रीमेंट रजिस्टर करावं लागतं, डिपॉझिट किती घ्यायचं यालाही मर्यादा असते. तुमच्या इथला नियम काय आहे तो आधीच शोधून ठेवा, माणूस दारात आल्यावर नाही.

भाडं ठरवताना आजूबाजूला तशाच रूमला लोक काय मागतात ते बघायचं हे सगळेच सांगतात, मी एवढंच सांगेन की चालू दरापेक्षा थोडंसं कमी ठेवलं तर जास्त लोक विचारतात आणि मग निवड तुमच्या हातात राहते. अगदी वरचा दर लावला की एखाद-दुसराच माणूस येतो आणि तोच चांगला आहे असं आपण स्वतःला पटवायला लागतो. वीज, पाणी, गॅस, इंटरनेट भाड्यातच आहे की वेगळं, वेगळं असेल तर माणशी वाटून की ठरलेली रक्कम, हे आकड्यासकट ठरवा. हीटर, एसी किंवा इलेक्ट्रिक शेगडी रूममध्ये वापरायची असेल तर वीजबिलाचं वेगळं बोला, कारण समान वाटणीत इथेच खटका उडतो.

आता ॲड. ॲडचं काम जास्तीत जास्त लोकांना बोलावणं नाहीये, चुकीच्या लोकांनी स्वतःहूनच बाजूला व्हावं हे तिचं खरं काम आहे. "प्रशस्त, हवेशीर, शांत रूम, लवकर संपर्क करा" अशी ॲड वाचून कोणाला काहीच कळत नाही. त्यापेक्षा असं लिहा बघा:

"१० बाय १२ ची रूम, एक मोठी खिडकी, सकाळी ऊन येतं. पलंग, कपाट, टेबल आहे. बाथरूम कॉमन, तिघांत एक. घरात मी आणि माझी शाळेत जाणारी मुलगी, शिवाय एक मांजर. रात्री दहानंतर घर शांत असतं. सिगारेट नको. स्वयंपाकघर वापरता येईल, भांडी ज्याची त्याने लगेच घासायची. खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे, दिवसा गाड्यांचा आवाज येतो. वीज आणि इंटरनेट भाड्यात धरलंय. निदान सहा महिने राहणारी व्यक्ती हवी. मेसेज करताना काय काम करता, कामाच्या वेळा, कधीपासून आणि किती महिन्यांसाठी हवी ते लिहा."

रस्त्याच्या आवाजाचं मुद्दाम लिहिलंय. रूममधली खोट आधीच सांगितली की ज्याला ती चालत नाही तो येतच नाही, आणि जो येतो तो पहिल्या आठवड्यात कुरकुर करत नाही. फोटो दिवसा काढा, पडदे उघडून, रूम रिकामी आणि स्वच्छ करून, आणि बाथरूम आणि स्वयंपाकघराचेही टाका कारण लोकांना तेच बघायचं असतं. मात्र पूर्ण पत्ता, घरातल्या मुलांचे फोटो, घर कधी रिकामं असतं, यातलं काहीही ॲडमध्ये नको. गल्ली-परिसर सांगितला तरी पुरे, पत्ता भेट ठरल्यावर. आणि ॲड टाकायच्या आधी ऑफिसातल्या, ओळखीतल्या, शेजारच्या लोकांना सांगून ठेवा, ओळखीतून आलेल्या माणसाची चौकशी सोपी जाते. फक्त ओळखीतला आहे म्हणून पुढच्या पायऱ्या गाळू नका, उलट तिथे त्या जास्त लागतात, कारण ओळखीत बिनसलं तर दोन नाती जातात.

मेसेज यायला लागले की पहिली गाळणी आपोआप लागते. ॲडच्या शेवटी जे चार प्रश्न विचारले होते त्यांची उत्तरं ज्याने दिली त्याने ॲड वाचली, बाकीच्यांनी नाही. नुसतं "आहे का अजून?" असं विचारणाऱ्यांनाही मी एकदा तेच प्रश्न परत पाठवते, कारण कोणी बसमध्ये उभ्याने मेसेज करत असतं, पण दुसऱ्यांदाही उत्तर नाही आलं तर सोडून द्यायचं. ज्याने लिहिलंय त्याला दहा मिनिटं फोन करा. फोनवर हो-नाही अशी उत्तरं येतील असे प्रश्न विचारू नका. "तुम्ही नीटनेटके आहात का" असं विचारलं तर जगातला प्रत्येक माणूस हो म्हणेल. त्याऐवजी विचारा, कामावरून आल्यावर संध्याकाळ कशी जाते, सुट्टीच्या दिवशी काय करता, आत्ताची जागा का सोडताय. आणि मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो प्रश्न म्हणजे, आधी कोणाबरोबर राहत होतात तिथे काय खटकायचं?

या प्रश्नाचं उत्तर ऐकण्यासारखं असतं. एक जण म्हणेल, "काही नाही हो, रूममेट उशिरा यायचा आणि लाईट लावायचा, मग आम्ही छोटा दिवा आणला." दुसरा म्हणेल, "अहो विचारू नका, तिन्ही ठिकाणी लोक विचित्रच भेटले, मालक तर सगळेच पैशाला हपापलेले." पहिल्याला अडचण आली आणि त्याने ती सोडवली. दुसऱ्याच्या गोष्टीत पुढच्या वेळी विचित्र माणूस कोण असणार ते तुमचं तुम्हीच ओळखा. अर्थात खरंच वाईट अनुभव आलेले लोकही असतात, म्हणून एका वाक्यावर निकाल लावू नका, नेमकं काय झालं ते विचारा, खरं असेल तर माणूस शांतपणे सांगतो.

भेटायला बोलवाल तेव्हा एकटं असताना बोलवू नका, घरात आणखी कोणीतरी मोठं माणूस असू द्या, नाहीतर निदान शेजारी सांगून ठेवा. जे जे घरात राहतात त्या सगळ्यांशी त्या माणसाची भेट झाली पाहिजे, नंतर "मला तर विचारलंच नाही" हे नको. रूम दाखवा, मग बाथरूम, मग स्वयंपाकघर, मग कचरा कुठे टाकायचा, कपडे कुठे वाळत घालायचे तेही. बघा ते काय विचारतात. नळ सोडून पाण्याचा जोर बघणारी, गरम पाणी यायला किती वेळ लागतो म्हणून हात धरून उभी राहणारी, खिडकीची कडी लागते का ते बघणारी व्यक्ती काही जणांना चिकित्सक वाटते, मला ती फार आवडते. हीच व्यक्ती पुढे पाईप गळायला लागला तर पहिल्याच दिवशी सांगते, भिंत ओली होईपर्यंत थांबत नाही. त्याउलट उंबऱ्यातूनच रूमवर एक नजर टाकून "फायनल, आजच येतो" म्हणणाऱ्याला इतकी घाई का आहे ते विचारा. कधी खरं कारण असतं, कामाची जागा बदलली, आधीची मुदत संपतेय, पण कारण सांगता आलं पाहिजे.

तुम्हीसुद्धा सगळं सांगा. भाडेकरूची मुलाखत घेतोय अशा थाटात बसू नका, समोरचाही तुम्हाला तपासत असतो आणि तो त्याचा हक्क आहे. घराचे ते तीन-चार पक्के नियम तोंडी सांगा आणि चेहरा बघा, "ठीक आहे" असं पटकन म्हणणाऱ्यापेक्षा "पाहुण्यांचं जरा सविस्तर सांगाल का, माझी बहीण महिन्यातून एकदा येते" असं विचारणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो. जागेवर हो म्हणू नका. दुसऱ्या दिवशी कळवतो म्हणा, आणि शक्य असेल तर दुसरी भेट संध्याकाळी ठेवा, म्हणजे घर भरलेलं असताना कसं असतं ते त्यालाही दिसतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा, कुठल्या भागातला, लग्न झालंय का नाही, यावरून माणूस भाडं वेळेवर देईल का आणि बाथरूम स्वच्छ ठेवेल का हे काहीही कळत नाही. अनेक देशांत अशा कारणांवरून घर नाकारणं बेकायदाही आहे. तुम्हाला ज्या गोष्टीची काळजी आहे तीच थेट विचारा. रात्रीच्या आवाजाची काळजी असेल तर रात्रीच्या वेळा विचारा, आडनाव विचारून काही उपयोग नाही. आणि "काहीतरी खटकतंय" असं वाटलं तर ते दाबूही नका, पण नेमकं काय खटकलं ते शोधा. उत्तरं प्रत्येक वेळी बदलत होती म्हणून खटकलं असेल तर बरोबर आहे, बोलण्याची ढब आपल्यासारखी नाही म्हणून खटकलं असेल तर ते बाजूला ठेवा.

माणूस आवडला की मग चौकशी, आणि हीच पायरी लोक संकोचाने गाळतात. संकोच करू नका, "मी सगळ्यांचीच करते" असं म्हटलं की कोणाला वाईट वाटत नाही. सरकारी ओळखपत्र मूळ स्वरूपात बघा, फोटो आणि नाव जुळवा. कामाच्या ठिकाणी फोन करायचा असेल तर त्यांनी दिलेल्या मोबाईलवर नाही, कंपनीचा नंबर स्वतः शोधून त्यावर करा. विद्यार्थी असेल तर कॉलेजचा प्रवेशाचा कागद आणि पैसे कोण भरणार त्या पालकांशी बोलणं. उत्पन्नाचा साधारण अंदाज म्हणजे भाडं हे महिन्याच्या हातात येणाऱ्या पैशांच्या एक तृतीयांशाच्या आसपास किंवा खाली असावं, हा आडाखा बऱ्याच ठिकाणी वापरतात. शेवटच्या तीन पगाराच्या स्लिप बघा. फ्रीलान्स काम करणाऱ्याला पगाराची स्लिप नसते म्हणून नाही म्हणू नका, त्याच्याकडे सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागा आणि सगळ्यात कमी पैसे आलेल्या महिन्यात भाडं निघालं असतं का ते बघा.

आधीच्या घरमालकाशी बोलायचं असतंच, पण शक्य असेल तर आत्ताच्या मालकाबरोबर त्याच्या आधीच्या मालकाशीही बोला. का, तर आत्ताच्या मालकाला भाडेकरू नकोसा झाला असेल तर तो गोडच बोलेल, लवकर जावा म्हणून. आधीच्याला काहीच घेणंदेणं नसतं, तो खरं सांगतो. फोनवर तुम्ही माहिती पुरवू नका, विचारा, ते तुमच्याकडे कधीपासून कधीपर्यंत होते, भाडं किती होतं, किती जण राहायचे. मालक म्हणून मित्राचा नंबर दिला असेल तर तो इथेच अडखळतो. मग भाडं कधी उशिरा आलं का, डिपॉझिट पूर्ण परत दिलं का, आणि शेवटी, परत आले तर जागा द्याल का. या शेवटच्या प्रश्नाला लगेच "हो" आलं तर बाकी सगळं ठीक असतं बहुतेक.

पैशांच्या फसवणुकीबद्दल नीट ऐका, कारण भाडेकरूच फसतात असं नाही, रूम देणारेही फसतात. नेहमीचा प्रकार असा की समोरचा परगावी किंवा परदेशात असतो, रूम न बघताच पसंत करतो, गोड बोलतो, आणि ठरलेल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवतो, मग म्हणतो चुकून जास्त गेले, वरचे परत पाठवा किंवा सामान आणणाऱ्याला द्या. चेकचे पैसे खात्यात जमा झालेले दिसतात, तुम्ही फरक पाठवता, आणि काही दिवसांनी चेक खोटा निघून बँक सगळी रक्कम परत काढून घेते. तुम्ही पाठवलेले पैसे मात्र गेलेले असतात. तेव्हा न बघता घेणाऱ्याला निदान व्हिडिओ कॉलवर भेटा, जास्तीचे पैसे आले तर बँकेला विचारल्याशिवाय एक पैसाही परत पाठवू नका, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नाहीत, आपल्या खात्यात बघा, आणि पैसे येण्यासाठी ओटीपी किंवा पिन द्यावा लागत नाही, कोणी मागितला तर फोन ठेवा.

अॅग्रीमेंट ओळखीतला असला तरी लेखी करा. त्यात कोणती रूम, कोणत्या कॉमन जागा वापरायच्या, भाडं किती आणि कोणत्या तारखेला, बिलांचं काय, डिपॉझिट किती आणि कशासाठी कापलं जाऊ शकतं, नोटीस पिरियड दोन्ही बाजूंना किती, भाडेकरू आणखी कोणाला आणून ठेवू शकतो का, आणि रूममध्ये तुम्ही कधी जाऊ शकता. हे शेवटचं बरेच मालक विसरतात. रूम दिली म्हणजे ती आता त्याची खासगी जागा आहे, तो नसताना आत जाऊन झाडून काढणंसुद्धा बरोबर नाही, आधी विचारा. रूमच्या दाराला आतून-बाहेरून नीट लागणारं कुलूप द्या. रूममध्ये, बाथरूममध्ये कॅमेरा तर विषयच नाही, हॉलमध्ये असेल तर आधी सांगा. माझा सल्ला असा की तुमच्या इथल्या नियमात बसत असेल तर पहिला एक महिना दोघांनाही चाचणीचा ठेवा, त्यात कमी मुदतीच्या नोटिशीवर दोघांपैकी कोणालाही करार थांबवता येईल असं लिहा. वाईट न वाटता वेगळं होता येणं याला फार किंमत आहे.

चावी देण्याआधी गीझर आणि वायरिंग तपासून घ्या. गॅसवर चालणारा गीझर किंवा हीटर असेल तर कार्बन मोनॉक्साईडचा धोका असतो, या वायूला ना वास ना रंग, हवा खेळती नसलेल्या बाथरूममध्ये तो जिवावर बेततो, म्हणून जाळी उघडी ठेवा, सर्व्हिसिंग करा, अलार्म मिळत असेल तर लावा. दुसऱ्याचं माणूस तुमच्या छताखाली झोपणार आहे, तेव्हा हे काम पुढे ढकलू नका.

राहायला येईल त्या दिवशी घाई करू नका, अर्धा तास काढा. दोघांनी मिळून रूममध्ये फिरा, कपाटावरचा ओरखडा, गादीवरचा डाग, भिंतीतलं खिळ्याचं भोक, सगळ्याचे फोटो काढा, मीटर रीडिंगचा फोटो काढा, आणि ते सगळे फोटो तिथेच एकमेकांना पाठवा, म्हणजे तारीख आपोआप राहते. सामानाची यादी करून दोघांच्या सह्या. चाव्या किती दिल्या ते लिहा. मेन स्विच आणि पाण्याचा मेन कॉक कुठे आहे तो दाखवा. आठवड्याभराने पाच मिनिटं बसून विचारा की काही अडतंय का, आणि तुम्हाला काही खुपत असेल तर तेव्हाच सांगा, ओट्यावर राहिलेल्या भांड्यांबद्दल पहिल्या आठवड्यात सांगितलं तर ती साधी सूचना वाटते, तिसऱ्या महिन्यात सांगितलं की भांडण होतं.

आणि मधल्या काळात रूम रिकामी राहिली तर घाबरू नका. एक महिना रिकामी गेली तर एका महिन्याचं भाडं जातं, ते आधीच ठाऊक असतं. चुकीचा माणूस आत आला तर थकलेलं भाडं, दुरुस्ती, कायदेशीर खटपट आणि स्वतःच्याच घरात दबकून राहणं, याचा हिशोब आधी लावताच येत नाही.

ज्यांना रूम दिली नाही त्यांनाही कळवा, दोन ओळींचा मेसेज पुरतो, लोक उत्तराची वाट बघत दुसऱ्या जागा सोडतात. त्यांनी पाठवलेले ओळखपत्रांचे आणि पगाराच्या स्लिपचे फोटो फोनमधून आणि चॅटमधून डिलीट करा, बॅकअपमध्येही जात असतील तर तिथूनही. ज्याला रूम दिली त्याच्या ओळखपत्राची कॉपी ठेवाल त्यावर "फक्त भाडेकरारासाठी" असं आडवं लिहून तारीख घाला. मग ॲड बंद करा, सगळ्या ठिकाणची, नाहीतर पुढचे दोन महिने फोन वाजत राहतो. दुसऱ्या नंबरवर जी व्यक्ती तुम्हाला आवडली होती तिला मात्र विचारून तिचा नंबर ठेवा, चाचणीचा महिना जमला नाही तर पहिला फोन तिलाच करता येईल.